धुरपताबाईच्या नावेचं ठिगळ

कुठलीही वस्तू बोटाच्या पेराने वाजवून बघायची. टरबूज, माठ, नवं दार. एकदा तर जावयाचं हेल्मेट, तेही त्याच्या डोक्यावर असताना. लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट चढवायचा. नावेशी भरभरून बोलायचं, नवऱ्याशी कामापुरतं. लोह्याजवळच्या तलावावर मासे धरणाऱ्या धुरपताबाईच्या या सवयी.

उन्हाळ्यात तलाव आटत आला. पाण्याखालच्या बाभळीच्या खुंटाने तिच्या फायबरच्या नावेचा तळ फाडला. चौथ्या दिवशी मोठी जाळी पडणार होती. त्या सकाळी ज्याची नाव पाण्यात नाही, त्याची जागा दुसऱ्याला, असा मच्छीमार सोसायटीचा नियम. यंदा चिठ्ठीत धुरपताबाईला तलावात बुडालेल्या जुन्या विहिरीजवळची खोल जागा लागली होती. सात वर्षांनी.

"नांदेडाहून मिस्त्री आणावा लागंल," नवरा व्यंकटी म्हणाला. "आठ दिवस तरी लागतेत."

"आठ दिवसांनी काय बेडकं धरू?"

ती नांदेडला गेली. कुलरच्या फुटक्या टाक्या जोडणाऱ्याच्या दुकानात दोन तास नुसती बघत बसली. काचेच्या धाग्यांची चटई, चिकट रेझीन, ते घट्ट करणारं हार्डनर, ब्रश आणि निळ्या रंगाचा डबा घेऊन परतली.

नाव पालथी घातली. भोक वीतभर. पण ती भोवताली पेराने वाजवत गेली. जिथवर आतून सुटल्याचा भद्द आवाज आला तिथवर कोळशाने रेघ ओढली आणि तेवढं सगळं घासून काढलं.

"भोक बुजवून राहिलीस का वाढवून?" व्यंकटीने विचारलं.

आतून फळीचा टेकू दिला. हातांना पिशव्या बांधल्या. चटईचे तुकडे रेझीनमध्ये भिजवून एकावर एक बसवले. आणि हातांनी चाळीस वर्षांचं काम सुरू केलं. थाप, थाप, थाप.

सकाळी ठिगळ टम्म फुगलेलं.

"लई झ्याक फुगली," व्यंकटी म्हणाला. "ठेचा आणू?"

धुरपताबाई हसून हसून खाली बसली. मग उठली. "भाकर फुगाया पाहिजे, नाव न्हाई." हातात एकच दिवस होता. फुगलेलं सगळं कापून काढलं. नवे तुकडे बसवले. या वेळी उजवा हात कमरेला खोचला आणि डाव्या हाताने ब्रश टोचत टोचत हवा बाहेर काढली. डाव्या हाताला भाकरी येत नव्हती.

दुपारच्या उन्हात ठिगळ कडक झालं. तिने वाजवलं. टण्ण. नाव सरळ करून आत घागरी ओतल्या. बाहेर एक थेंब आला नाही.

पहाटे सोसायटीचा चंद्रप्पा यादी घेऊन काठावर आला. "माय, नाव कुठाय?"

"विहिरीजवळ हाय की. डोळे धुऊन ये, लेकरा."

पहिल्याच ओढीला माशांनी भरलेलं जाळं नवरा-बायको दोघांना उचलेना.

रंग तेवढा राहिला. ब्रश रेझीनमध्ये वाळून दगड झाला होता. नवा आणून आज रंगवते, असं ती रोज म्हणते. डबा बाजेखाली तसाच आहे. जाता येता ती तो पेराने वाजवते आणि भरलेला आहे म्हणून खुशीत तलावाकडे जाते.