कात्रजहून येणाऱ्या वैजयंतीताई

"अल्कोहोलिक हेपॅटायटिस," डॉक्टर म्हणाले आणि रिपोर्ट टेबलावर ठेवला. दारूमुळे यकृताला आलेली सूज. व्हिडिओ कॉलवर प्रज्ञाचे पिवळे डोळे पाहून मला कावीळ वाटली होती. पथ्याचं जेवण करून घालायचं म्हणून मी वर्ध्याहून निघाले होते.

प्रज्ञा माझी एकुलती एक मुलगी. हडपसरच्या आयटी पार्कात सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. मी निवृत्त शिक्षिका. आमच्या बुद्धविहारात पंचशील म्हणताना ती लहानपणी पाचवं शील, दारूपासून दूर राहण्याचं, सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणायची. डॉक्टरांसमोर बसले असताना मला तेच ऐकू येत होतं.

"हा आजार आहे, काकू. रागावून बरा होणार नाही," डॉक्टर म्हणाले. "यकृत अजून सावरू शकतं. पुन्हा प्यायली, तर मी शब्द देऊ शकत नाही."

घरी एकदम दारू बंद करू नका, हेही त्यांनी बजावलं. विथड्रॉवल होतो, म्हणजे सवय झालेल्या शरीराला दारू मिळेनाशी झाली की हात थरथरतात, भास होतात, फिटसुद्धा येऊ शकते. म्हणून तिला दाखल केलं. ते दिवस मी तिच्या उशाशी बसून काढले. तिला घाम फुटायचा, ती चादर घट्ट धरून पडायची.

वॉर्डातल्या समुपदेशक बाईंनी दारू सोडणाऱ्यांच्या गटाची माहिती दिली. प्रज्ञाने भिंतीकडे तोंड केलं. मग मीच फोन लावून मुलीचं सांगितलं. घरच्यांनाही बसता येतं अशी बैठक असते, असं कळलं. इथेच राहणाऱ्या माझ्या बहिणीला दवाखान्यात बसवून मी एकटीच रिक्षाने गेले.

हडपसरच्या भाजी मंडईमागे एका शाळेचा वर्ग होता. रिक्षावाले, एक प्राध्यापक, कारखान्यातले कामगार, सगळे मांडीला मांडी लावून बसलेले. एकेक जण उठून आपलं सांगत होता आणि बाकीचे मध्ये न बोलता ऐकत होते. मी आयुष्यभर वर्ग सांभाळले, पण असं ऐकणं क्वचित पाहिलं. मला कोणी काही विचारलं नाही. निघताना गट चालवणारे देशमानेकाका एवढंच म्हणाले, "मुलीला आणा. नाही आली, तर तुम्ही या."

डिस्चार्जनंतर प्रज्ञा एकदा दारापर्यंत आली आणि थांबली. "आई, सगळे पुरुष आहेत. ऑफिसमधलं कोणी भेटलं तर?"

देशमानेकाकांनी ऐकलं. "भेटलं तर काय होईल? तोही इथे भजनाला आलेला नसेल," ते म्हणाले. प्रज्ञाला हसू आलं, पण ती आत गेली नाही.

पुढच्या बैठकीला वर्गात एक बाई बसलेल्या दिसल्या. पन्नाशीच्या, खादीचा कुर्ता, मांडीवर डबा. त्या वैजयंतीताई. बँकेत अधिकारी. कात्रजला राहतात; त्यांनीही दारू सोडलेली, आणि त्या जातात तो गट घराजवळच आहे. काकांनी त्यांना फोन केला होता, एक मुलगी दारातून परत जाते म्हणून. बँक सुटल्यावर बस बदलून त्या आल्या होत्या. प्रज्ञाला पाहून त्यांनी नुसती बाजूची जागा मोकळी केली, आणि ती आत जाऊन बसली.

त्या दिवसापासून त्या दर आठवड्याला येऊ लागल्या. प्रज्ञा दोनदा गेली नाही, तेव्हाही त्या येऊन बसल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

मग ऑफिसात एक मोठं काम संपलं, पार्टी झाली आणि प्रज्ञा पिऊन घरी आली. सकाळी ती अंथरुणातून उठेना. मला वाटलं, संपलं सगळं. कोणत्या तोंडाने सांगावं, म्हणून फोन हातात घेऊन किती वेळ बसले. शेवटी वैजयंतीताईंना लावला.

"प्यायली ना? आधी डॉक्टरांकडे न्या," त्या म्हणाल्या. "आणि संध्याकाळी बैठकीला आणा. माझंही असं झालंय. मी येते."

डॉक्टरांनी तपासून औषधं बदलली आणि बैठकीला जायला हरकत नाही म्हणाले. प्रज्ञा गेली. त्या दिवशी पहिल्यांदा ती उभी राहिली. "मी प्रज्ञा. मी मद्यपी आहे. काल प्यायले." एवढंच बोलली. कोणी चुकचुकलं नाही. वैजयंतीताईंनी तिला पाण्याची बाटली दिली. मी मागच्या बाकावर रडत होते, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ते रडणं भीतीचं नव्हतं.

लिव्हर फंक्शन टेस्ट, म्हणजे यकृत कसं काम करतंय ते सांगणारी रक्ततपासणी, हळूहळू सुधारत गेली. पावसाळा सरता सरता वैजयंतीताई म्हणाल्या, आता मी माझ्या गटात परत जाते. मी घाबरले. तुमचे उपकार कसे फेडू, असं काहीतरी बोलून गेले. त्या म्हणाल्या, "अहो, मी नवीन होते तेव्हा माझ्या शेजारीही कोणीतरी बसलं होतं."

तुमच्या घरात असं कोणी असेल, तर लाज बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा, मग बैठक शोधा. आजारी माणूस येत नसेल, तर स्वतः जाऊन बसा. मला तिथे भेटली तशी खरी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

वैजयंतीताई परत गेल्यानंतरच्या बैठकीला प्रज्ञा एकटी गेली. मी घरी भाकरी करत होते, कान दाराकडे. ती आली, हात धुऊन ताटावर बसली.

"आज एक नवीन माणूस आला होता," ती म्हणाली. "दारातच उभा होता. मी म्हटलं, या, बसा इथे."