देवगाव रंगारीच्या बांगड्या

पुण्याहून छत्रपती संभाजीनगरापर्यंत मी एसटीत उभ्यानं आलो. बसलेल्या पोराला "जरा सरक" म्हणणं मला कमीपणाचं वाटतं. गाव आलं तेव्हा गुडघे दोन थांबे मागे राहिले होते. उरलेला मी उतरलो. आल्या आल्या नानखलिया (मटणाचा झणझणीत रस्सा आणि उशीएवढी नान) अशी हाणली, की हॉटेलवाल्यानं मला दत्तक घ्यायची तयारी दाखवली. मग बजाजनगरला बहिणीकडं.

पंधरा वर्षांचा भाचा ओंकार कबड्डीच्या सामन्यांसाठी देवगाव रंगारीला निघाला होता. "मामा, चला की! आमचा संघ कधी रडत नाय."

का रडत नाही, ते जीपमध्ये कळलं. प्रशिक्षक सर म्हणजे मिशीच्या आधारानं उभा डोंगर. त्यांच्या खिशात हिरव्या बांगड्यांचं पुडकं. 'दुखतंय' म्हणेल त्या पोराच्या हातात सर सगळ्यांदेखत बांगडी भरत.

पहिल्याच सामन्यात ओंकारचं बोट वाकलं. मध्यंतरापर्यंत त्याची भेंडी झाली, सामना जिंकेपर्यंत वांगं.

"दवाखान्यात चल."

"हळू बोला मामा! काय नाय झालं."

"मग डोळ्यांत पाणी कसलं?"

"धूळ लई आहे इथं."

मी सरांना गाठलं. ते हसले. "मर्द गडी आहे. उद्या फायनल खेळणार. व्हय ना रे?"

"व्हय सर," ओंकार म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत आणखी धूळ गेली.

निघताना सरांनी जीपचं मागचं दार रुबाबात आपटलं, ते स्वतःच्याच अंगठ्यावर.

"आई गंऽऽ! दुखतंय रे, लई दुखतंय!"

तिकडं वेरूळच्या लेण्यात एक मूर्ती दचकून वळली म्हणतात.

ओंकारनं धड हात पुढं केला. "सर, माझं बोट पण दुखतंय. भरा बांगडी."

मागून आवाज आला, "माझा गुडघा, सर. दिवाळीपासून."

"माझी दाढ."

दाढेचा कबड्डीशी काय संबंध, हे कुणी विचारलं नाही.

सरांनी पुडकं काढलं, पोरांकडं पाहिलं, आणि पहिली बांगडी स्वतःच्याच हातात चढवायला घेतली. ती सुजल्या अंगठ्याशी अडली.

"आई गं," सर या वेळी हळूच म्हणाले. मग ड्रायव्हरला, "गाडी दवाखान्याकडं घे."

ओंकारच्या बोटाला प्लास्टर लागलं. त्याच्याविना संघ फायनल हरला. पोरं मैदानातच भोकाड पसरून रडली, धुळीचं नावही न काढता.

परतीच्या एसटीत जागा नव्हती. शेजारच्या तरुणाला म्हटलं, "गुडघे दुखतायत बाबा, जरा सरक." तो लगेच सरकला. एवढ्या साध्या वाक्यापायी मी जन्मभर महाराष्ट्र उभ्यानं पाहिला होता! पुणं आलं तेव्हा दोन्ही गुडघे माझ्यासोबतच उतरले.