स्वच्छ जागेवरचा तंबू

चामटोलीवरच्या पठारावर मी एकटाच मुक्कामाला गेलो होतो. बांधाच्या आडोशाला शेळ्यांच्या लेंड्या पसरलेल्या, म्हणून नाक मुरडून कड्यालगतच्या लख्ख जागेवर तंबू ठोकला. संध्याकाळी वाऱ्यानं दोन खुंट्या उपटल्या. तंबू कड्याखाली जाऊ नये म्हणून मी त्यावर पालथा पडलो. तेवढ्यात शेळ्या घेऊन परतणारी एक म्हातारी थांबली.

"हितं कशाला रं, बाला?"

"इथं स्वच्छ आहे, मावशी."

"जिथं लेंडी टिकत नाय, तिथं तू टिकशील व्हय?"

ती हसली मात्र नाही. पदर खोचून तिनं तंबू बांधाआड ओढला, कोपऱ्यांवर धोंडे ठेवले आणि पाहुण्याला जागा करावी तशा पायानं थोड्या लेंड्या बाजूला सारल्या. उरलेल्यांवर मी सकाळपर्यंत निवांत घोरलो.