भीमाशंकरनं पारखलेल्या तीन शाळा

मानवतच्या मोंढ्यात भीमाशंकर आडत्याची नजर म्हणजे नजर, हे त्याच्यावर जळणारेही कबूल करत. पोत्याच्या तोंडाशी कसा माल आहे, याकडे तो ढुंकूनही बघायचा नाही. लोखंडी परखी पोत्याच्या पोटात खुपसायची, आतला दाणा तळहातावर घ्यायचा, दाताखाली फोडायचा आणि मगच बोलायचं. असा हा पक्का माणूस गेले दोन महिने दुकानाच्या गादीवर धड बसत नव्हता.

डोक्यात किडा शिरला तो सोनपेठच्या लग्नात. चुलतभाऊ शिवप्रकाशची मुलगी बाहेरगावी निवासी शाळेत शिकत होती. तिनं माईक हातात घेतला आणि भरल्या मांडवात बेधडक पाहुण्यांचे आभार मानले. भीमाशंकरची शिवरंजनी तिच्याच वयाची, नुकतीच पाचवी झालेली. ती आईच्या पदराआड उभी. त्या दिवशी त्याला जेवण गोड लागलं नाही. आपण पोरीला मागं ठेवलं, ही बोच जाता जाईना.

मग सुरू झाली शाळांची पारख. लातूरकडच्या शाळेची फी झेपणारी, निकाल डोळे दिपवणारा, पण खोल्यांत पोरं दाटीवाटीनं कोंबलेली. संभाजीनगरच्या शाळेत जेवण झकास, शिक्षक मात्र टिकत नव्हते. नाशिककडच्या शाळेत घोडे, पोहायला तलाव, आणि फी अशी की दुकानाची निम्मी कमाई तिथंच जावी. भीमाशंकर स्वयंपाकघरात घुसून वरण चाखायचा, संडासांची दारं उघडून बघायचा, माळ्याला गाठून मॅडमचा स्वभाव विचारायचा. घरी येऊन बायकोला, महेश्वरीला, सगळं सांगायचा आणि ती नुसतं बरं म्हणाली की चिडायचा. घोड्यावर बसून पोरीचं काय भलं होणार, हे त्याला कळेना. आणि घोडा नसला तर ती मागं पडेल की काय, ही धास्तीही सुटेना. म्हातारी आई नागुबाई म्हणाली, गावातली शाळा काय वाईट आहे? त्यावर तो भरल्या ताटावरून उठला. मुनीम, एसटीचा कंडक्टर, मठातले स्वामी, सगळ्यांना विचारून झालं.

शेवटी मन नाशिकवर बसलं. उगाच कुणी एवढी फी घेतं का, अशी स्वतःची समजूत घालून तो शिवरंजनीला शाळा दाखवायला घेऊन गेला. वसतिगृहाच्या राजेश्री मॅडमनी खोली दाखवली आणि पोरीला विचारलं, इथं राहायला आवडेल का? पोरगी खाली बघत राहिली. भीमाशंकरच पुढं झाला.

"तिची काई हरकत न्हाई, मॅडम. गप हाय म्हंजे कबूल हाय."

मोंढ्यात हेच चालतं. हर्रासीत शेवटची बोली लागली आणि शेतकरी गप्प राहिला, की सौदा पक्का. भीमाशंकरनं उभ्या जन्मात असे कितीतरी सौदे पक्के केले होते, आणि त्यात काही वावगं आहे असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

मॅडम हसल्या नाहीत. "रडणाऱ्या मुली रुळतात हो," त्या म्हणाल्या. "अशा गप्प मुलींचीच आम्हाला काळजी वाटते."

परतीच्या रेल्वेत त्याला बसवेना. दाराशी जायचा, परत यायचा, भरलेली पाण्याची बाटली पुन्हा भरून आणायचा. जालना गेल्यावर तो पोरीसमोर येऊन बसला.

"तुला काई इचारायचं असंल तर इचार, माय. मी सगळं बघून ठेवलंय."

शिवरंजनीनं विचारलं, "आप्पा, तिन्हीतल्या कोणत्या शाळेतून घरी लवकर येता येतंय?"

वरणाची चव, खोल्यांची लांबीरुंदी, निकाल, सगळं भीमाशंकरला तोंडपाठ होतं. हे मात्र त्यानं कुठंच विचारलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"ते मला ठाव न्हाई," तो म्हणाला. "जायचं का न्हाई, ते आता तू सांग."

आप्पांना एखादी गोष्ट ठाऊक नाही, हे शिवरंजनी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होती. आपल्याला जायचं नाही, हे तिनं आधी सांगून टाकलं. मग ती जी बोलायला लागली, ती परतूर गेलं, सेलू गेलं, मानवत रोड आलं, तरी थांबली नाही.