लोकरीच्या गुंड्याचा खेळ

२० नोव्हेंबर १९९६. जेवणाची सुट्टी संपली तरी मी लोकरीच्या चार लडी उलगडून त्यांचा एक मोठा गुंडा करत बसले होते. लोकर नारायणगुड्याच्या बाजारातून मीच आणली होती. औषधांच्या आमच्या कंपनीत आस्थापनेचं काम माझ्याकडे होतं, आणि ज्या कामाला कुणी वाली नाही ते सगळं आस्थापनेचं. उन्हाळ्यात कंपनीत परदेशी भागीदार आला, दिवाळीआधी मुंबईहून नवे साहेब आले, आणि आता बंगळूरहून एक ट्रेनर बाई येणार होत्या. सगळ्यांनी गोल उभं राहायचं, आपल्याबद्दल कुणालाच ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगायची आणि गुंडा पुढच्याकडे फेकायचा. याला 'आइस ब्रेकर' म्हणतात, असं परिपत्रकात होतं. वीस-वीस वर्षं एकमेकांच्या डब्यात हात घालणाऱ्या माणसांमध्ये कसला बर्फ साचला होता, ते परिपत्रकात नव्हतं.

त्यात स्वेच्छानिवृत्तीची यादी निघणार अशी कुणकुण होती. त्यामुळे सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की हा इंटरव्ह्यू आहे. स्टोअरकीपरनं येऊन विचारलं, "मॅडम, सर्टिफिकेटांच्या अटेस्टेड कॉप्या किती सेट आणू?"

"अहो, खेळ आहे तो."

"हौ मॅडम, समझा," म्हणत तो डोळा बारीक करून गेला.

तीन वाजता टेलिफोन ऑपरेटर बाई आल्या. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या, मूळच्या नांदेडकडच्या, राहायला नल्लकुंट्यात. नवरा गेल्यापासून घर त्यांच्याच पगारावर होतं.

"ताई, उद्या काय बोलू हो? मला तर काहीच सुचंना."

"काहीही सांगा."

"काहीही कसं? तिथं साहेब राहतात ना."

लोकर नेमकी तेव्हाच गुंतली होती. मी वर न बघता म्हटलं, "खरं असेल ते सांगा आणि मोकळ्या व्हा."

कार्यक्रम सिकंदराबादच्या एका हॉटेलात होता. अकाउंट्सचे दोघं टाय लावून आले होते. स्टोअरकीपरच्या काखेत फाइल होतीच. गुंडा फिरायला लागला. एकानं सांगितलं, अकरा वर्षांत किरकोळ रजा पूर्ण कधीच वापरली नाही. दुसऱ्यानं सांगितलं, आपण टायपिंगच्या दोन परीक्षा पास आहोत.

"ते माहीत आहे की सगळ्यांना!" मागून कुणीतरी म्हणालं.

"साहेबांना कुठं माहीत आहे?"

ट्रेनर बाई ओरडत होत्या, "कुछ मज़ेदार बताइए! बचपन का कुछ!" बालपणाकडे कुणी फिरकेना.

मग गुंडा ऑपरेटर बाईंकडे आला. त्यांनी तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला. "दो साल से मेरे सीधे कान से सुनाई नै देता. बोर्ड बाएँ कान पे चलाती मैं. किसी को बोली नै."

"वंडरफुल! कितनी हिम्मत!" ट्रेनर बाईंनी टाळ्या वाजवल्या. एकट्यांनीच. साहेबांनी खिशातली डायरी काढली, त्यात काही लिहिलं आणि परत ठेवली.

चहाच्या वेळी ते मला म्हणाले, "बोर्डवर आता कुणी तरुण बसवायला हवं. यादी करताना लक्षात ठेवा."

"साहेब, तो खेळ होता."

"खेळातच माणूस कळतो, मॅडम."

मला त्यांचा राग आला, ट्रेनर बाईंचा आला, आणि माझ्या त्या 'मोकळ्या व्हा'चा सगळ्यांत जास्त आला.

परतताना बसमध्ये ऑपरेटर बाईंनी नेहमीसारखं मला आपल्या डाव्या हाताला बसवलं. का, ते आता कळलं.

"बरं बोलले ना, ताई?"

"बोलायला नको होतं."

"तुम्हीच म्हणलात की, खरं सांगा." मग माझ्याकडे वळून, "काढतात का हो मला?"

मी उलट त्यांनाच दटावलं. "डॉक्टरला का नाही दाखवलं?"

"दाखवलं की. मशीन लावा म्हणले. मशीन लावून बोर्डवर बसले असते तर सगळ्यांना कळलं नसतं?"

"एवढं कळत होतं, मग आज काय झालं?"

"आज विचारलं ना त्यांनी. आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी साहेब यायच्या आत, साडेआठलाच मी ऑफिसात पोचले. कपाटातून टेलिफोनच्या तक्रारींचं रजिस्टर काढलं. दोन वर्षांत तीन तक्रारी, तिन्ही लाइन बंद पडल्याच्या. टाइपरायटरवर दोन कार्बन लावून कागद चढवला आणि लिहिलं, की ऑपरेटरच्या कामाबद्दल एकही तक्रार नाही, आणि खेळात सांगितलेली गोष्ट नोकरीच्या कामी वापरायला आस्थापनेची हरकत आहे. खाली माझी सही केली, वर जावक नंबर घातला. एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली, दुसरी बाईंच्या सर्व्हिस फायलीत लावली. तिसरी युनियनच्या सेक्रेटरीकडे नेऊन दिली आणि पोच म्हणून त्याची सही घेतली.