मरवा चोळलेले हात

तिवसा भागात शेवंती पिकवणाऱ्यांच्या घरातली प्रणाली अमरावतीच्या एका कॉलेजात पीएच.डी. करत होती, अन् तिच्या वाट्याला आले होते उंदीर. त्यांच्या मुताचा आंबूस वास एसटीतून तिच्यासोबत घरापर्यंत यायचा. शेजारची बाई तोंडाला पदर लावून सीट बदलायची.

विषय मात्र मोठा नाजूक. घाम, काळजाचे ठोके ही कामं आपल्याला न विचारता चालवणाऱ्या मज्जापेशींची एक गाठ मानेत असते. जन्मानंतर तिच्यातल्या बऱ्याच पेशी मरून जातात. ताज्या जन्मलेल्या मादी पिलांना नराचं हार्मोन टोचलं तर त्या पेशी वाचतात का, हे तिला पाहायचं होतं. त्यासाठी आधी पिलं जगायला हवीत.

गाईड कुलदीप सर पिंजऱ्यांच्याच टेबलावर कचोरी खायचे आणि बोटं अ‍ॅप्रनला पुसायचे. प्रणाली तोंड फिरवायची.

घरी आई आशाबाईची वेगळीच तऱ्हा. “उंदराच्या हातानं फुलं तोडतं का वं? देवाले जातात ते!” मळ्यातली रीत अशी, की हाताचा वास घालवायला उग्र वासाचा मरवा चुरडून चोळायचा. इंजेक्शनच्या दिवशीही पहाटे प्रणालीने तो कोपरापर्यंत चोळला आणि लॅब गाठली.

पिलांना शिवण्याआधी हाताला त्यांच्याच पिंजऱ्यातला भुसा घासायचा असतो, नाहीतर उंदरिणीला ती परकी वाटतात. हातमोजे संपलेले. प्रणालीने भुसा घासला, पण मरव्याचा वास थोडाच भुशाचं ऐकतो!

दुसऱ्या दिवशी उंदरीण निवांत मिशा साफ करत बसली होती. भुशात एक गुलाबी शेपूट अन् अर्धा पंजा. प्रणाली बेसिनकडे धावली.

“ओकून झालं?” सर कचोरी मोडत म्हणाले. “आता त्या कोपऱ्यातल्या पिंजऱ्यातले पिल्लं घे. त्यायच्याच पेशी मोज अन् इंजेक्शनवाले म्हणून लिहून टाक.”

“त्यायले इंजेक्शन कुठं देलं, सर?”

“कोन पाह्यते? सगळे असेच करून राहिले.”

चटणीचा ओघळ त्यांच्या हनुवटीवर आला होता. प्रणालीला पुन्हा मळमळलं. या खेपेला उंदरांमुळे नाही.

“सर, इंजेक्शनवाले पिल्लं त्या उंदरिणीच्या पोटात आहेत. तिथून मोजू?”

“वर्ष वाया जाईन तुयं! घरचे लग्न लावून देतीन.”

“जाऊ द्या वर्ष,” ती म्हणाली. नाकाला ओढणी बांधली, चिमट्याने शेपूट उचललं आणि पिंजरा घासायला घेतला.