बघूमावशीचं हमीपत्र

माझ्या टायपिंगच्या दुकानाला लागूनच तिचं शिलाईचं दुकान. मध्ये नुसती प्लायवूडची भिंत, त्यामुळे ती गिऱ्हाइकांना काय सांगते ते मला तोंडपाठ आहे. कोट मंगळवारी मिळेल? बघू. बाही जरा सैल होईल? बघू. माझी पँट कंबरेत सैल करायला टाकून आठ महिने झाले, पण विचारायची सोय नाही. अख्खा बाजार तिला बघूमावशी म्हणतो. शब्द देऊन मोडण्यापेक्षा तो न दिलेला बरा, असं तिचं म्हणणं. शिवण मात्र अशी घालते, की उसवता उसवत नाही.

सहा महिन्यांपूर्वी तिची बहीण गेली आणि दहा वर्षांची भाची तिच्याकडे, दुकानामागच्या खोलीत राहायला आली. बाप आधीच नव्हता. पोरीने आपली बॅग मशीनखाली ठेवली ती तशीच, भरलेली. "मावशी, मी आता इथेच राहणार ना?" हे मी भिंतीपलीकडून दहादा तरी ऐकलं. उत्तर ठरलेलं. मला भयंकर राग यायचा.

मग शाळेने पालकाचं हमीपत्र मागितलं, इंग्रजीत आणि स्वतःच्या हाताने लिहिलेलं. नाहीतर पोरीला परगावच्या काकाकडे जावं लागणार होतं आणि तो तर तिला धड ओळखतही नव्हता. मावशी वही घेऊन माझ्याकडे आली. तिने लिहिलं होतं, "आय विल ट्राय टू लुक आफ्टर हर."

"मावशी, हे चालणार नाही," मी म्हणालो. "'आय अंडरटेक टू' लिहा."

"फरक काय पडतो?"

"'ट्राय' म्हणजे तुमचं बघू. 'अंडरटेक' म्हणजे हे मी अंगावर घेतलं. मग सबबी सांगता येत नाहीत."

सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान काढून तिने टेबलावर ठेवलं.

"आणि नाही झेपलं तर, भाऊ?"

"भिंतीपलीकडे मी आहे. पण सही तुमचीच लागेल."

चार कागद फाडले तिने. पाचव्यावर टाके घालावेत तसं एकेक अक्षर काढलं आणि खाली सही केली.

तेवढ्यात भाची शाळेतून आली. तिने कागद उचलून वाचला. "मावशी, अंडरटेक म्हणजे काय गं?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे.

"म्हणजे बघू नाही."

पोरीने कागद टेबलावर ठेवला. मग मावशीच्या दुकानात जाऊन तिने मशीनखालची बॅग ओढली आणि एकेक कपडा मागच्या खोलीतल्या कपाटात नेऊन ठेवला. त्या बॅगेत मावशी आता चिंध्या भरते.